जनरेटर घेताना आधी जागा, मग वॅट

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि कोकणातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना राहिली. एवढ्या काळात इन्व्हर्टरची बॅटरी पुरत नाही, म्हणून घरी जनरेटर घ्यावासा वाटणं रास्तच आहे. पण दुकानात पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ असतो. माझ्या मते पहिला प्रश्न जागेचा हवा. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. ‘खिडक्या उघड्या ठेवू की’ हे उत्तर पुरेसं नाही. पडवीत, जिन्याखाली, गॅरेजातही हा वायू जीवघेणा साचतो. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब हवा, धुराचं तोंड दारं-खिडक्यांकडे नको. पावसाची अडचण खरी आहे. त्यासाठी बाजूंनी मोकळं छप्पर करावं, घरात आणू नये.

जागेनंतर जोडणी. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घर उजळवणं हा स्वस्त उपाय वाटतो, पण ती वीज उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्याच. वॅटचा हिशेब त्यानंतर: पंप आणि फ्रिज सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतात, तेव्हा नुसती बेरीज पुरत नाही. आणि इंजिन बंद करून, ते गार झाल्यावरच पेट्रोल भरावं.