अतिमात्राशन आणि पाचक चूर्णांचा आधार

पोट जड होणे, आंबट ढेकरा, आध्मान, भोजनोत्तर सुस्ती या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयात नित्य असतात. त्यांपैकी पुष्कळांनी वैद्याकडे येण्यापूर्वीच औषधी दुकानातून एखादे पाचक चूर्ण नेलेले असते. चूर्णाने तात्पुरते हलके वाटते आणि त्या हलकेपणाच्या भरवशावर पुढचे जेवण पुन्हा आकंठ होते. हेतू कायम ठेवून केवळ लक्षणे शमविणे ही पूर्ण चिकित्सा नव्हे, निदानपरिवर्जन प्रथम. म्हणून अतिमात्राशनाची सवय कशी ओळखावी व कशी सोडवावी, याचा विचार येथे करीत आहोत.

मात्रेचा शास्त्रीय विचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने वर्णिली आहेत. त्यांतील ‘राशी’ म्हणजे मात्रा. ती दोन प्रकारे पाहावयाची : संपूर्ण आहाराची एकत्रित मात्रा म्हणजे सर्वग्रह आणि प्रत्येक पदार्थाची स्वतंत्र मात्रा म्हणजे परिग्रह. व्यवहारात हा भेद फार उपयोगी पडतो. ‘मी दोनच पोळ्या खातो’ असे सांगणारा रुग्ण परिग्रह सांगत असतो. भात, तळण, गोड पदार्थ व नंतरचे फरसाण विचारल्यावरच सर्वग्रह कळतो.

पुढील अध्यायात चरकाचार्य कुक्षीचे तीन भाग कल्पून घन आहार, द्रव आहार व दोष यांना एकेक भाग देतात. वाग्भट चार भाग मानून दोन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वातादींसाठी मोकळा ठेवण्यास सांगतात. दोहोंचे तात्पर्य एकच, पोटात काही जागा रिकामी राहिली पाहिजे. गुरू पदार्थ तृप्तीच्या एकतृतीयांश वा निम्म्या मर्यादेत घ्यावेत आणि लघू पदार्थांचीही अतितृप्ती होऊ देऊ नये.

हेतूचा भेद

सर्वच रुग्ण एका कारणाने अधिक खात नाहीत. पूर्वीचे अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा खाणे हे अध्यशन. सकाळी चहा-बिस्किटे, दहाला पोहे, एकला डबा, पाचला फरसाण आणि रात्री दहाला पूर्ण जेवण हा क्रम अनेकांचा असतो. त्यात एकेका वेळची मात्रा बेताची दिसली, तरी अग्नीला विसावा मिळत नाही. दिवसभर जेमतेम खाऊन रात्री भरपाई करणारा विषमाशनाचा बळी असतो. घरातील स्त्रिया ‘अन्न वाया जाऊ नये’ म्हणून मुलांच्या ताटातले व पातेल्यातले उरलेले संपवितात, हेही आवर्जून विचारावे. उपवासाच्या दिवशी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असा प्रकार तर सर्वपरिचित आहे.

स्थूल रुग्णाचा विचार वेगळा करावा लागतो. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो, त्यामुळे अन्न लवकर जिरते व पुन्हा भूक लागते, अशी स्थौल्याची संप्राप्ती चरकाचार्य सांगतात. अशा रुग्णाला सरसकट तीक्ष्ण दीपन औषधे दिल्यास भुकेला अधिकच जोर येतो. त्याच्यासाठी गुरू परंतु अपतर्पण अशी योजना सांगितली आहे. यव, मूग, कुळीथ यांचा उपयोग येथे होतो.

दैनंदिन सवयी

रुग्णाला ‘कमी खा’ एवढेच सांगून उपयोग होत नाही, असा आमचा अनुभव आहे. प्रथम सात दिवस वेळ, पदार्थ व मात्रा यांची नोंद ठेवावयास सांगावी. त्यानंतर एका वेळी एकच बदल सुचवावा.

पहिला बदल म्हणजे जीर्णाहाराची लक्षणे पाहूनच जेवणे. शुद्ध ढेकर, शरीराचे लाघव, उत्साह, मलमूत्राचे योग्य विसर्जन आणि खरी क्षुधा-तृषा ही ती लक्षणे होत. लालसा आणि भूक यांतील फरक कळण्यासाठी रुग्णाने स्वतःस विचारावे, ‘आत्ता साधी भाकरी व वरण मिळाले तर खाईन का?’ उत्तर नकारार्थी असल्यास ती भूक नव्हे.

दुसरा बदल अतिद्रुत भोजन टाळण्याचा. तृप्तीची जाणीव होण्यास काही वेळ लागतो. त्यापूर्वीच ताट संपले तर मात्रा ओलांडली जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० व्यक्तींना दोन-दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त व अल्पप्रक्रियायुक्त आहार हवा तितका दिला होता. अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना त्यांनी दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक घेतल्या आणि जेवणाचा वेगही अधिक होता. दूरदर्शन संच बंद ठेवून, मोबाईल बाजूला ठेवून तन्मनाने जेवण्याचा उपदेश आजही किती सार्थ आहे, हे यावरून ध्यानी यावे.

तिसरा बदल वाढण्याचा. ताट एकदाच वाढून घ्यावे, पातेली समोर ठेवू नयेत, रात्रीचे जेवण लवकर व दुपारपेक्षा हलके असावे.

औषधी दुकानदारांसाठी

हिंग्वष्टक, लवणभास्कर, अविपत्तिकर ही गुणकारी चूर्णे आहेत. परंतु ती अतिभोजनाचा परवाना नव्हेत. लवणभास्करात समुद्रलवणादी लवणांचा वाटा मोठा असल्याने उच्च रक्तदाबाच्या, हृद्रोगाच्या व वृक्कविकाराच्या रुग्णाने ते वैद्याच्या सल्ल्याविना घेऊ नये. अविपत्तिकरात साखर व विरेचक निशोत्तर असते, हे मधुमेहीस अवश्य सांगावे. तेच ग्राहक महिन्यामागून महिना तेच चूर्ण नेत असतील, तर त्यांना वैद्याकडे पाठवावे.

सावधानता

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना लंघन वा जेवण टाळण्याचा सल्ला देणे धोक्याचे ठरते. त्यांच्या आहारातील बदल संबंधित डॉक्टरांशी विचारविनिमय करूनच करावेत. अनावर होऊन पुष्कळ खाणे, नंतर अपराधी वाटणे वा मुद्दाम ओकारी काढणे असे आढळल्यास मानसरोगतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. वजन आपोआप घटणे, गिळण्यास त्रास, काळा मल ही लक्षणे असल्यास तपासण्यांना विलंब करू नये.

येत्या तीन महिन्यांत अजीर्णाच्या प्रत्येक नव्या रुग्णाच्या पत्रकावर भोजनाच्या वेळा व सर्वग्रह यांची नोंद करावी, असे आम्ही वैद्यबंधुभगिनींना सुचवितो. औषधपत्र लिहिण्यापूर्वीची ही पाच मिनिटे रुग्णाची पुढील कित्येक चूर्णे वाचवू शकतील.