वाद्यें किती असावींत ?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर पोखर्णीचे एक पालक आम्हांस भेटावयास शाळेंत आले. पोखर्णी हें परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गांव. तेथील नृसिंहाच्या देवळामुळें तें सर्व पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. पालक शेतकरी. त्यांचा मुलगा आमच्या शाळेंत नववींत असून प्रार्थनेच्या वेळीं गिटार वाजवितो. इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर ते म्हणाले, “गुरुजी, पोरगं दुसरी गिटार मागतंय. आहे ती चांगली वाजते. मी म्हटलं, एका माणसाला दोन कशाला? तर म्हणतो, मामाकडं तीन तबले आहेत, त्याला कुणी विचारत नाही. आता तुम्हीच सांगा, किती लागतात हो ही वाद्यं?”

सोयाबीनचे पैसे नुकतेच हातीं आले होते. परंतु त्यांतूनच विहिरीवरील मोटार दुरुस्त व्हावयाची होती व थोरल्या मुलीची महाविद्यालयाची फी भरावयाची होती. बापास मुलाचें मन मोडवत नव्हतें आणि मुलीचें शिक्षणही अडवावेसें वाटत नव्हतें. आम्ही त्यांस लागलीच उत्तर दिलें नाहीं. एक तर मुलाचा प्रश्न वरवर दिसतो तितका पोरकट नव्हता. दुसरें असें कीं, या बाबतींत आमचा स्वतःचाच हिशोब चोख नव्हता. म्हणून “भाऊ, आठ दिवसांनीं मुलास घेऊन या,” असें सांगून आम्ही त्यांस निरोप दिला. त्या आठ दिवसांत जो विचार केला, तोच येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें मांडतों.

प्रथम मामांच्या तीन तबल्यांविषयीं. तबला हा गायकाच्या षड्जाशीं मिळवावा लागतो. पुष्कळ पुरुष गायक काळी एकच्या आसपास गातात, तर स्त्रियांचा आवाज काळी चार-पांचच्या आसपास सुखानें फिरतो. तबल्याची पुडी वाद्यांनीं खोडावर ताणलेली असते. हातोडीनें ठोकून व गट्ठे सरकवून ती थोडीफार चढवितां-उतरवितां येते. परंतु या चढउतारास मर्यादा आहे. फाजील चढविली तर पुडी फाटते. फाजील उतरविली तर तिचा नाद बसतो. तबल्याचें तोंड जितकें लहान तितका त्याचा स्वर उंच. म्हणून साथीस जाणारा तबलजी पांच इंचांपासून सहा इंचांपर्यंत निरनिराळ्या तोंडांचे दोन-तीन तबले बाळगतो. ती हौस नव्हे, गरज आहे. आणि ती गरजच आहे याचा पुरावा असा कीं, त्याच माणसाजवळ डग्गा मात्र एकच असतो! डग्ग्यास नेमका स्वर मिळविण्याचें बंधन नाहीं, म्हणून तो एकच पुरतो. जेथें गरज संपली तेथें संख्याही थांबली.

बासरीवाल्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. बांबूची लांबी, पोकळी व छिद्रें एकदां ठरलीं कीं बासरीचा मूळ स्वर कायमचा ठरला. तिला खुंटी नाहीं, वादी नाहीं. लांब बासरी खर्जाची, आंखूड बासरी उंच स्वराची. म्हणून मैफलींत बसणाऱ्या बासरीवादकाच्या पिशवींत अनेक बासऱ्या दिसल्या, तर तो उधळ्या आहे असें कोणी समजूं नये.

तंबोऱ्याचें उदाहरण मध्यम प्रतीचें आहे. मिरज हें गांव सतार व तंबोरे यांकरितां अखिल भारतांत नांवाजलेलें आहे. तेथील कारागिरांचे पूर्वज शस्त्रांस धार लावणारे शिकलगार होते. एकोणिसाव्या शतकांत ते तंतुवाद्यांकडे वळले, व पुढें पंढरपुराकडील भोपळे आणून वाद्यें घडविण्याची विद्या त्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. सन २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. हे कारागीर पुरुषांकरितां मोठा व स्त्रियांकरितां लहान, असे निरनिराळ्या आकारांचे तंबोरे करितात. कारण आवाजाची पट्टी निराळी. परंतु रागागणिक तंबोरा कोणी विकत घेत नाहीं. पंचम असलेल्या रागास पहिली तार पंचमांत लावतात. मालकंसांत पंचम नाहीं, म्हणून तीच तार मध्यमांत उतरवितात. खुंटी पिळली कीं काम झालें. मोठ्या मैफलींत गायकाच्या मागें दोन तंबोरे असतात, तेही नाद अखंड भरून राहावा म्हणून, दिमाखाकरितां नव्हे.

या तिन्ही उदाहरणांवरून एक साधा नियम हातीं लागतो: जें वाद्य आपला स्वर बदलूं शकत नाहीं तें अनेक लागतें, जें बदलूं शकतें तें एक पुरतें.

आतां गिटार कोणत्या वर्गांत बसते तें पाहूं. गिटारीस सहा तारा असतात. सर्वांत जाड तार व सर्वांत बारीक तार यांच्या स्वरांत दोन सप्तकांचें अंतर असतें. दांडीवर धातूचे पडदे बसविलेले असून प्रत्येक पडदा स्वर अर्ध्या स्वरानें चढवितो. बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी होते, व तेथें तोच स्वर वरच्या सप्तकांत ऐकूं येतो. अशा रीतीनें बाराही स्वर एकाच दांडीवर नांदत असतात. शिवाय ‘कॅपो’ नांवाचा एक लहानसा चिमटा मिळतो. तो दांडीवर ज्या पडद्याशीं आवळावा त्या मानानें सहाही तारा एकदम चढतात. समजा, भाऊ पांढरी एकमध्यें गातो व बहीण पांढरी चारमध्यें. भावानें चिमटा पांचव्या पडद्याशीं लावला कीं बोटांची ठेवण तीच राहून साथ पांढरी चारची होते. तबलजीस ज्या कामाकरितां दुसरा तबला लागतो, तें काम गिटारवाल्याचा हा चिमटा करितो.

तर मग दुसरी गिटार कधींच लागत नाहीं काय? लागते; परंतु स्वराकरितां नव्हे, जातीकरितां. नायलॉनच्या तारांची गिटार मऊ बोलते व ती बोटांनीं वाजवावयाची असते. पोलादी तारांची गिटार खणखणीत असून सामुदायिक गायनाच्या साथीस ती योग्य. एकीच्या तारा दुसरीस चढवून भागत नाहीं. कारण नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारें ४० किलो, तर पोलादी तारांचा सुमारें ७० किलो असतो. हलक्या बांध्याच्या गिटारीस पोलादी तारा लाविल्या तर तिची घोडी उखडून येण्याचा संभव असतो. विजेच्या गिटारीची तर जातच निराळी. तिला ध्वनिवर्धक पेटीवांचून कंठ नाहीं. जो मनुष्य दोन जातींचें वादन खरोखर करितो व त्यावर पोट भरितो, त्यास दोन वाद्यें लागतील, क्वचित् तीनही. परंतु आधीं वादन दोन प्रकारचें पाहिजे, मग वाद्यें दोन.

थोर वादकांकडे पाहावें तर काय दिसतें? स्पेन देशाचा आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यानें गिटारीस साऱ्या जगांत मान्यता मिळवून दिली. त्याची पहिली प्रसिद्ध गिटार माद्रिद येथील मानुएल रामिरेझ यांच्या कारखान्यांत १९१२ सालीं तयार झालेली होती. ती त्यानें १९३७ पर्यंत मुख्यत्वें वाजविली. त्यानंतर जर्मनीच्या हेर्मान हाउझर यानें १९३७ सालीं केलेली गिटार त्यानें १९६२ पर्यंत वापरली. म्हणजे जवळजवळ अर्धें शतक जगभर फिरतांना त्याचा मुख्य भार दोन वाद्यांवर होता. सांप्रत हीं दोन्हीं न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहेत. आपल्या देशांत ब्रिजभूषण काब्रा यांनीं आडवी ठेवून वाजवावयाच्या हवाईयन गिटारीवर रागसंगीत बसविलें. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांचें वादन ऐकावयास मिळतें. पुढें विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारीसच तरफेच्या तारा जोडून तिची ‘मोहनवीणा’ केली, व १९९४ सालीं त्यांस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. हातांतील वाद्य अपुरें वाटलें तेव्हां त्यांनीं त्याचीच शक्ति वाढविली.

येथें आम्हांस आमची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्याजवळ एका काळीं चार गिटारी होत्या. पहिली विद्यार्थिदशेंत पैसा पैसा वांचवून घेतलेली जुनी. दुसरी नोकरी लागल्यावर घेतलेली पोलादी तारांची. तिसरी विजेची, पेटीसह. आणि चौथी केवळ तिचें लांकूड सुंदर दिसलें म्हणून. प्रत्येक वेळीं आमची अशी खात्री होती कीं, नवें वाद्य आलें म्हणजे आमचा हात सुधारेल. हात दोनच राहिले आणि तासही चोवीसच. चौथी गिटार आम्ही पत्र्याखालच्या माळ्यावर, तारा ताणलेल्या तशाच ठेवून, विसरून गेलों. परभणीचा उन्हाळा चाळीस अंशांवर सहज जातो. जून महिन्यांत ती खालीं काढली तेव्हां तिची फळी तडकलेली होती व दांडी वांकली होती. दोष कारागिराचा नव्हता, उन्हाचाही नव्हता. जें वाजविलें जात नाहीं, त्याची आठवण राहत नाहीं. आणि ज्याची आठवण राहत नाहीं, त्याची निगा होत नाहीं. त्या वाद्याच्या किंमतींत एका गरजू मुलाची वर्षभराची सोय झाली असती, हा विचार आजही आम्हांस टोंचतो.

उलट, पोखर्णीसारख्या आपल्या खेड्यांतून चालणाऱ्या सप्ताहाकडे पाहा. अखंड हरिनाम सप्ताहांत टाळ पुष्कळ असतात, कारण प्रत्येक गाणाऱ्याच्या हातास टाळ हवा. वीणा मात्र एकच. सात दिवस, म्हणजे १६८ तास, ती वीणा खालीं टेकवीत नाहींत. गांवकरी पहारे वांटून घेतात. एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. म्हातारा, तरुण, शेतकरी, दुकानदार, सगळे तिचे धारक, आणि मालक म्हणावा तर कोणीच नाहीं. एक वाद्य व अनेक हात, म्हणून तें एक क्षणही मुकें राहत नाहीं. आमच्या घरीं अनेक वाद्यें व हात एकाचेच, म्हणून त्यांतील बहुतेक मुकीं राहिलीं. आमचा धर्म निराळा असला, तरी हा धडा आम्हीं त्या वीणेपासून घेतला आहे.

ठरल्याप्रमाणें आठ दिवसांनीं बापलेक आले. मुलास आम्ही विचारलें, “बाळ, दुसरी गिटार कशासाठीं हवी?” तो खालीं पाहत म्हणाला, “सर, ताई उंच पट्टीत गाते. माझी तिथवर जात नाही. ताई कॉलेजला गेली की मग कधी वाजवणार?” तेव्हां कोठें आम्हांस कळलें कीं, त्याच्या मागणींत हौस थोडी व बहिणीची माया फार होती. गरज खरी होती. उपाय तेवढा चुकला होता. आम्ही आमचा चिमटा त्याच्या गिटारीवर पांचव्या पडद्याशीं लावून दिला. त्यानें तारा छेडल्या, स्वर ऐकला, आणि पुन्हां एकदां छेडल्या. वडिलांनीं हळूच विचारलें, “याची किंमत केवढी, गुरुजी?” ती एका नव्या तारांच्या जोडीइतकीही नव्हती.

त्या गिटारीच्या तारा मात्र गंजल्या होत्या. त्या बदलून घ्यावयास सांगितलें. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें: “माझी गिटार चांगली बोलत नाहीं,” अशी तक्रार ज्या गिटारीविषयीं होते, तिला बहुतेक वेळां नव्या तारा, घोडीची थोडी दुरुस्ती व नियमित सराव यांचीच आवश्यकता असते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या, वाद्य पिशवींत घालून पत्र्यापासून व उन्हापासून दूर ठेवावें. एवढ्यानें एक गिटार कित्येक वर्षें साथ देते.

नवें वाद्य मागण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. आहे त्या वाद्यानें जें होत नाहीं असें नेमकें कोणतें काम मला करावयाचें आहे? तें काम खुंटी पिळून, चिमटा लावून किंवा दुरुस्ती करून होईल काय? आणि गेल्या महिन्यांत आहे तें वाद्य मीं किती तास वाजविलें? पालकांसही विनंति आहे कीं, मुलाची मागणी ऐकतांच “नाहीं” म्हणूं नये व लगेच “हो”ही म्हणूं नये, “कशासाठीं?” हें आधीं विचारावें. उत्तर पुष्कळदां मागणीहून चांगलें असतें.

राहिल्या आमच्या गिटारी. तडकलेली दुरुस्तीस योग्य राहिली नाहीं. विजेची विकून टाकली. पोलादी तारांची आम्ही शाळेस दिली असून तिच्याजवळ एक वही ठेविली आहे. ज्यांच्या घरीं वाद्य नाहीं त्यांनीं वहींत नांव लिहून ती आठवडाभर घरीं न्यावी व पुढच्यास सोंपवावी. वहीचीं दोन पानें भरलीं आहेत. स्वतःकरितां आम्ही पहिली जुनी तेवढी ठेविली आहे, आणि वर्गांत सांगावयास संतोष वाटतो कीं, हल्लीं ती रोज वाजते.