डाळिंबावरील मर रोग आणि मातीतील सूक्ष्मजीव : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या तालुक्यांतील हलक्या, मुरमाड जमिनीवर डाळिंबाने अनेक कुटुंबांचा संसार उभा केला. 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात स्थापन झाले. 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि या पिकास ‘तेल्या’प्रमाणेच ‘मर’ रोगाने ग्रासले आहे. तेल्या फळावर दिसतो; मर बहुधा जमिनीखाली सुरू होतो. प्रस्तुत लेखात या रोगाचे स्वरूप व प्रतिबंध यांचा विचार केला आहे.

रोगाचे स्वरूप :
सेरॅटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही बुरशी या रोगाचे प्रमुख कारण होय. ती मुळांवाटे शिरून झाडाच्या जलवाहिन्या निकामी करते. प्रथम एखादी फांदी पिवळी पडते, नंतर संपूर्ण झाड वाळते. रोगट खोड आडवे कापल्यास आत करडे-काळसर डाग आढळतात. सूत्रकृमींमुळे मुळांना झालेल्या जखमा बुरशीस वाट करून देतात. खोड पोखरणारे भुंगेरेही प्रसारास हातभार लावतात. या बुरशीचे जाड भित्तिकेचे बीजाणू मातीत टिकून राहत असल्याने त्याच खड्ड्यात लावलेले नवे रोपही बळी पडू शकते.

अन्य प्रदेशांतील अनुभव :
स्पेन व पोर्तुगालमधील ओक वृक्षांची वने फायटोफ्थोरा सिनॅमोमी या मातीतील सूक्ष्मजीवामुळे ऱ्हास पावत आहेत. सूक्ष्मजीव भिन्न असला तरी बोध एकच : पाने सुकू लागतात, तोवर मुळांची हानी झालेली असते.

प्रतिबंधक उपाय :
रोगमुक्त रोपे, पाण्याचा उत्तम निचरा व झाडांतील योग्य अंतर हे मूलभूत उपाय आहेत. रोगट झाड मुळांसह काढून जाळावे. ते बागेतून ओढत नेऊ नये. छाटणीची अवजारे निर्जंतुक करावीत. शेणखतासह ट्रायकोडर्माचा वापर प्रतिबंधासाठी उपयुक्त आहे. वाळलेले झाड मात्र त्याने सावरत नाही.

निष्कर्ष :
बुरशीला बांध अडवू शकत नाही. रोपे, अवजारे व वाहते पाणी यांवाटे एकाची निष्काळजी शेजाऱ्याच्या बागेत पोहोचते. म्हणून मर रोगाचे नियंत्रण ही एकट्या शेतकऱ्याची नव्हे, तर गावाची सामूहिक जबाबदारी ठरते. शेतकरी कुटुंबांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांमार्फत ही जाणीव शिवारापर्यंत नेणे ग्रामीण महाविद्यालयांना सहज शक्य आहे.