विश्लेषण : लिनक्स संगणक रोज सकाळी आवाज का ‘विसरतो’?

रात्री आवाज व्यवस्थित होता. सकाळी ऑनलाइन मुलाखत सुरू होते आणि स्पीकर मुका. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित मोफत पाठिंबा संपला. त्यानंतर जुन्या संगणकावर लिनक्स बसवून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरून काम करणाऱ्यांवरही ही वेळ येऊ शकते. बहुतेकदा साउंड कार्ड बिघडलेले नसते. आवाजाची नोंद हरवलेली असते.

नोंद कुठे राहते?

दोन ठिकाणी. ‘अल्सा’ ही खालची यंत्रणा साउंड कार्डाशी थेट बोलते. २००३ च्या कर्नल २.६ पासून ती लिनक्सचा भाग आहे. संगणक नीट बंद होताना कार्डाची स्थिती एका फाइलमध्ये लिहिली जाते आणि सुरू होताना वाचली जाते. वरची यंत्रणा ‘पाइपवायर’. उबुंटू २२.१० आणि लिनक्स मिंट २२ पासून ती मूळ बसवणीतच येते. तिचा जोडीदार ‘वायरप्लंबर’ प्रत्येक वापरकर्त्याचा आवाज आणि निवडलेला स्पीकर लक्षात ठेवतो.

ती हरवते कशी?

वीज अचानक गेली किंवा भिंतीवरचे बटण थेट बंद केले, तर अल्साची शेवटची नोंद लिहिलीच जात नाही. दुसरे कारण, एचडीएमआय मॉनिटर किंवा यूएसबी हेडफोन जोडल्यावर आवाज भलत्याच उपकरणाकडे वळतो.

दोष कसा ओळखाल?

आवाज ठरवा आणि संगणक मेनूतूनच बंद करून पुन्हा सुरू करा. आवाज टिकला, तर दोष थेट बटण बंद करण्याचा. टिकला नाही, तर ध्वनी सेटिंगमध्ये योग्य स्पीकर निवडलेला आहे का, ते पाहा.

उपाय काय?

टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडा. एफ ६ दाबून कार्ड निवडा. पट्टीखाली दोन ‘एम’ दिसले, तर ती मुकी आहे. ‘एम’ कळ दाबा. एस्केप दाबून बाहेर या आणि ‘सुडो’ लावून ‘अल्सासीटीएल स्टोअर’ ही आज्ञा द्या. नोंद त्याच क्षणी लिहिली जाते.

तरीही दुरुस्त न झाल्यास होम फोल्डरमधील लपलेल्या ‘लोकल’मध्ये ‘स्टेट’ आणि त्यात ‘वायरप्लंबर’ हे फोल्डर शोधा. ते पुसू नका. नाव बदला आणि संगणक पुन्हा सुरू करा. नवी नोंद तयार होते. मात्र स्पीकर आणि आवाज एकदा नव्याने निवडावा लागतो.

मराठीतून शिकता येईल?

पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिनक्सचे प्राथमिक धडे मराठीतही देतो. आज्ञा टाइप करण्याची भीती तिथे कमी होऊ शकते. तोवर सवय एकच, संगणक बटणाने नव्हे, मेनूतून बंद करायचा. आणि मुलाखतीआधी पाच मिनिटे आवाज तपासायचा.