गेम जॅमचा शनिवार

सकाळी 6:30

काल, शुक्रवारी संध्याकाळी जॅमचा विषय जाहीर झाला आणि उद्या संध्याकाळी गेम जमा करायचा. एकूण 48 तास. त्यातला अखंड हातात मिळणारा दिवस आजचाच. पुण्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आम्हाला मिळाली आहे. आम्ही तिघं: कोड माझा, चित्रं एकीची, आवाज आणि संगीत एकाचं. विषय आहे 'ओझं'. रात्री झोपायच्या आधी गेम ठरला. रेल्वे स्टेशनवरचा हमाल. डोक्यावर जितक्या बॅगा जास्त, तितकी त्याची उडी लहान. पण बॅग खाली ठेवली की तीच पायरी होते. सगळ्या बॅगा जिन्यापलीकडच्या गाडीत पोचवायच्या. नियम संपले.

सकाळी 8:00

चहा घेऊन फळ्यासमोर. रात्री सुचलेलं सगळं तिथे लिहिलेलं आहे: तिकीट तपासनीस, गुण, गर्दी, पाऊस, दुसरं स्टेशन. यातलं बरंचसं आत्ताच पुसायचं. पाऊस जाताना चित्रकाराचा चेहरा उतरतो, पण तीच खडू उचलते आणि पावसावर रेघ मारते.

थोड्या दिवसांत झालेले मोठे गेम पाहिले तर त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच नियम सापडतो. 2013 साली सात दिवसांत नेमबाजीचा गेम करायच्या एका उपक्रमात पोलंडच्या काही जणांनी 'सुपरहॉट'चा पहिला नमुना केला. तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकते, हा त्याचा सगळा जीव. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये 'बाबा इज यू' केला. त्यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पडद्यावर मांडलेले असतात आणि ते ढकलून आपण नियम बदलतो. दोन्ही गेम पुढे काही वर्षं खपून पूर्ण केले गेले, पण मूळ नियम त्या थोड्या दिवसांतलाच राहिला.

सकाळी 10:00

कोडला सुरुवात. चालणं, उडी, जमिनीला टेकणं, कॅमेरा मागे नेणं हे मी नव्याने लिहीत नाही. माझा जुना सांगाडा घेऊन बसलो आहे. जॅमच्या नियमांत ते चालतं. त्यामुळे तासाभरात हमाल जिन्यावर उड्या मारतोय. चित्रं अजून नाहीत. हमाल म्हणजे लाल चौकोन, बॅग म्हणजे तपकिरी चौकोन.

वेगाचं खरं रहस्य इथे आहे, असं माझं ठाम मत आहे. निन्टेंडोच्या 'झेल्डा' मालिकेतला 'ओकारिना ऑफ टाइम' 1998 च्या नोव्हेंबरात आला. त्याला काही वर्षं लागली होती. पुढचा 'माजोराज मास्क' वर्षभरात करून दाखवा, असं आव्हान मालिकेचे निर्माते मियामोतोंनी दिग्दर्शक आओनुमांना दिलं आणि एप्रिल 2000 मध्ये तो जपानात विक्रीला आला. आधीचं इंजिन आणि आधीची पात्रं पुन्हा वापरल्यामुळे ते शक्य झालं. पण उरलेला वेळ त्यांनी एका नव्या कल्पनेवर लावला: चंद्र तीन दिवसांत गावावर कोसळणार आणि तेच तीन दिवस आपण पुन्हापुन्हा जगायचे. सुरुवातीला हा फेरा आठवड्याचा होता. कोणत्या दिवशी कुठे काय घडतं हे लक्षात ठेवणं अवघड जाईल म्हणून तो तीन दिवसांवर आणला. छाटल्यामुळे गेम अधिक घट्ट झाला. आजही अनेक जण त्याला त्या मालिकेतला सर्वांत धाडसी गेम मानतात.

दुपारी 1:00

डबे उघडतात. शेजारच्या टेबलावरची दुसऱ्या वर्षाची मुलं विचारतात, "दादा, एवढ्या वेळात खरंच काही चांगलं होतं का?" मी त्यांना अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्टची गोष्ट सांगतो. 1990 च्या सप्टेंबरात तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या जॉन कार्मॅकने साध्या पीसीवर पडदा गुळगुळीत सरकवायची युक्ती शोधली: अख्खा पडदा पुन्हा रंगवायचा नाही, बदललेले तुकडेच रंगवायचे. टॉम हॉलबरोबर त्याने रातोरात मारिओच्या तिसऱ्या गेमची पहिली पातळी पीसीवर हुबेहूब उभी केली. सकाळी ती पाहून त्यांचा सहकारी जॉन रोमेरोला कळलं की आपली नोकरी आता फार दिवसांची नाही. मग नोकरी सांभाळून, रात्री आणि शनिवार-रविवारी खपून, त्यांनी 'कमांडर कीन'चे तीन भाग केले. 14 डिसेंबरला ते बाहेर पडले. पुढे 'डूम' करणारी आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी यातूनच उभी राहिली. मुलांना मी एवढंच सांगतो की अवघड प्रश्न आधी सुटला होता, म्हणून बाकीचं तीन महिन्यांत झालं.

दुपारी 3:30

पहिली चाचणी. कॉलेजचे वॉचमन काका दारातून बघत होते, त्यांच्याच हातात कंट्रोलर देतो. काका पहिली बॅग उचलतात, जिन्याच्या कडेला येतात, उडी मारतात आणि खाली पडतात. पुन्हा तेच. "अहो, मी दाबलं होतं बटण," ते म्हणतात.

मी रेकॉर्डिंग एकेक फ्रेम करून बघतो. काकांनी बटण खरंच दाबलंय, पण पाय कडेवरून सुटल्यावर चार फ्रेमनंतर. सेकंदाला 60 फ्रेम असतात, म्हणजे चूक सेकंदाच्या पंधराव्या भागाची. कोडच्या दृष्टीने हमाल तेव्हा हवेत आहे आणि हवेतून उडी नाही. खेळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो कडेवरच होता. अशा वेळी बरोबर खेळणाराच असतो. पाय सुटल्यावर सहा फ्रेमपर्यंत उडी मान्य करायची, अशी सवलत घालतो. आमच्या धंद्यात तिला 'कोयोटी टाइम' म्हणतात. काका पुन्हा बसतात आणि पहिली बॅग पलीकडे जाते. दुसरी बॅग खाली ठेवून तिच्यावर पाय देतात तेव्हा स्वतःच म्हणतात, "अच्छा, ही पायरी होय!" आम्ही कोणीही काही सांगितलेलं नव्हतं.

'सेलेस्ट'मध्येही ही सवलत सेकंदाच्या दहाव्या भागाची आहे. त्याचं मूळ रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी 2015 मध्ये चार दिवसांत केलं, पिको-8 या मुद्दाम मर्यादा घातलेल्या काल्पनिक कन्सोलवर: पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा, रंग फक्त 16. वाढवायला जागाच नव्हती, म्हणून सगळी मेहनत उडीवर गेली असावी असं मला तो खेळताना वाटतं. 2018 चा मोठा 'सेलेस्ट' त्याच उडीवर उभा आहे.

संध्याकाळी 6:00

लाल चौकोनाचा हमाल झाला, अंगात लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला. आवाजवाला प्रत्येक बॅगेबरोबर हमालाचा श्वास जड करतोय. आता ओझं आकड्याशिवाय कळतं. 2013 च्या ग्लोबल गेम जॅमचा विषय म्हणजे नुसता हृदयाच्या ठोक्यांचा आवाज होता. त्यातून हृदयरोपणाचा 'सर्जन सिम्युलेटर' निघाला आणि एप्रिलमध्ये पूर्ण गेम म्हणून विकायला आला. आवाज शेवटच्या तासासाठी ठेवू नये, असं मी प्रत्येक टीमला सांगतो.

रात्री 9:00

नवीन काही घालणं बंद. आता फक्त बग आणि चाचणी. हे कुलूप लावणं जमलं नाही की काय होतं, ते 1982 मध्ये अटारीने दाखवलं. 'ई.टी.' सिनेमावरच्या गेमसाठी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉला पाच आठवडे मिळाले, कारण गेम नाताळला दुकानात हवा होता. वॉर्शॉ कच्चा माणूस नव्हता. 'यार्स रिव्हेंज'सारखा नावाजलेला गेम त्याचाच. पण नव्या धर्तीचा, पसरट गेम पाच आठवड्यांत उभा राहिला आणि खेळून बघून सुधारायला वेळ उरला नाही. खेळणारे खड्ड्यांत पडत राहिले. आमच्या काकांच्या चार फ्रेम सापडायला तरी दुपार हातात होती. त्याच्याकडे ती नव्हती.

रात्री 11:30

लॅबचे दिवे मालवायला लावतो. कुरकुर होते, पण जागून लिहिलेला कोड सकाळी निस्तरावा लागतो. 2010 चा 'फॉलआउट: न्यू व्हेगस' ऑब्सिडियनने दुसऱ्याच्या इंजिनवर दीड वर्षात केला. त्याचं लेखन आजही नावाजलं जातं, पण बाजारात आला तेव्हा तो बगांनी भरलेला होता. घाईची किंमत खेळणाऱ्यांनीही मोजली.

म्हणून कंपन्यांच्या मालकांना एक विनंती. या गेमची उदाहरणं देऊन कोणाची मुदत कापू नका. ते लवकर झाले ते तयार पाया, एकच कल्पना आणि छाटायचं धाडस यांच्या जोरावर. आणि गेम करू पाहणाऱ्या मुलांनो, पाया आजच बांधायला घ्या, जॅमची वाट बघू नका. जॅमला याल तेव्हा एकच नियम घेऊन या, तो शनिवारी दुपारी अनोळखी माणसाच्या हातात द्या आणि रात्री झोपा.