फोटो पानाचा, हुमणी मुळाशी



मोबाईलवर पानाचा फोटो काढला की रोग-कीड ओळखण्याची सोय आता झाली आहे. केंद्र सरकारनेही २०२४ साली राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली. हजारो फोटो दाखवून संगणकाला डाग, रंग, आकार शिकवलेले असतात. नवा फोटो तो त्यांच्याशी ताडून पाहतो. तांबेऱ्याचे ठिपके त्याला दिसतात, पण जमिनीखालचे काही दिसत नाही. हुमणी मुळ्या कुरतडते, वर पान नुसते पिवळे पडते. पाण्याचा ताण पडला तरी पान पिवळेच!

म्हणून आमचे सांगणे एवढेच: फोटो जरूर काढा, पण पिवळे बेट हाताने ओढून पाहा. सहज उपटून आले तर मुळाशी अळी शोधा. सापडल्यास औषध घेण्याआधी गट ऑफिसला कळवा. आम्ही फडावर येऊ.