गाढवांचा निवारा

गाढवांचा निवारा म्हणजे काम करण्यास असमर्थ ठरलेल्या, जखमी, वृद्ध किंवा सोडून दिलेल्या गाढवांचा अखेरपर्यंत सांभाळ करणारे स्थान. एलिझाबेथ स्वेंडसन यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली इंग्लंडमधील 'डाँकी सँक्चुअरी' ही या क्षेत्रातील प्रसिद्ध संस्था होय.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी व परीट समाजांच्या उपजीविकेशी गाढव दीर्घकाळ जोडलेले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ लाख २० हजार गाढवे नोंदली गेली. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ६१ टक्के होती. ओझ्याच्या जनावरांकडून दिवसात ९ तासांहून अधिक आणि सलग ५ तासांहून अधिक काम घेण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. तरीही पाठीवरील जुन्या जखमा आणि वाकडे वाढलेले खूर ही निवाऱ्यात येणाऱ्या जनावरांची नेहमीची ओळख असते.

आहार

गाढवाचा पूर्वज आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशातील रानगाढव असल्याने त्याचे पोट कोरड्या, तंतुमय चाऱ्यास सरावलेले आहे. पारनेरसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात मिळणारा ज्वारीचा कोरडा कडबा त्यास मानवतो; मात्र तो बुरशी धरलेला नसावा. कोवळी हिरवी ज्वारी विषारी ठरू शकते. दात झिजलेल्या म्हाताऱ्या जनावरास कुट्टी करून द्यावी लागते. भेटीस येणारे प्रेमाने भाकरी, गूळ, पेंड आणतात. या प्रेमाने नुकसानच अधिक होते. अतिपोषणाने मानेवर चरबी साठते व खुरांना वेदनादायक दाह होतो.

खूर व कातडी

दगडधोंड्यांतून चालणे थांबले की खूर झिजत नाहीत, म्हणून साधारण ६ ते १० आठवड्यांनी ते कापावे लागतात. पावसाळ्यात ओल्या जागेत खूर कुजतात. गाढवाच्या केसांतून घोड्याच्या मानाने पाणी लवकर आत मुरते. त्यामुळे छप्पर आणि मुरमाची कोरडी जमीन अत्यावश्यक असते. धुळीत लोळण्यासाठीही मोकळी जागा ठेवतात.

स्वभाव व सोबत

भ्यालेले गाढव घोड्यासारखे उधळण्याऐवजी पुष्कळदा जागीच थबकते. यालाच लोक हट्ट म्हणतात, आणि म्हणींनी त्याला मूर्ख ठरवले, हा अन्यायच होय. वेदनाही ते फारशी दाखवीत नाही. कान पडणे, कळपापासून दूर उभे राहणे, चारा उष्टावून सोडणे एवढ्याच खुणा मिळतात. म्हणून सकाळी चारा टाकताना प्रत्येक जनावर खाते की नाही, हे पाहणे हे सांभाळणाऱ्याचे पहिले काम. चारा सोडलेल्या गाढवाच्या, विशेषतः लठ्ठ गाढवाच्या, शरीरातील चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होते आणि थोड्या दिवसांत मृत्यू ओढवू शकतो.

जोडीदाराचा विरह हे अन्न सोडण्याचे एक मोठे कारण आहे. यास्तव जोडीने आलेली गाढवे वेगळी करीत नाहीत. एकाला उपचारासाठी न्यायचे असल्यास दुसऱ्यासही सोबत नेतात. जोडीदार मेल्यास त्याचे शव लगेच हलवीत नाहीत. जिवंत गाढव ते हुंगून स्वतःहून बाजूला होईपर्यंत वाट पाहतात आणि पुढील काही दिवस त्याच्या गव्हाणीत किती कडबा उरतो, यावर लक्ष ठेवतात.